रिकामी गाडी पाठवू नये

मी एक जुना तंबू आहे, दोन माणसांचा. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. डोंगर चढलेले आणि समुद्र ओलांडलेले तंबू जगात पुष्कळ असतील. पण मित्रांनो, कुणाचा हेवा किती करावा, यात माझा नंबर बहुधा बराच वर लागेल. ते लपवले तर माझ्यापाशी सांगण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून तेच सांगतो.

माझा जन्म पुण्यातल्या भवानी पेठेत, ताडपत्र्या शिवणाऱ्या एका दुकानात झाला. देहूरोडला राहणाऱ्या लहूने स्वतः मापे देऊन मला शिवून घेतले. तो तेव्हा कॉलेजात होता.

"एवढ्याशा तंबूत झोपणार कोण?" शिवणाऱ्या चाचांनी विचारले.

"मी आणि माझा धाकटा भाऊ," लहू म्हणाला. "घोरतो मोठ्यानं, पण जागा कमी घेतो."

तो धाकटा भाऊ म्हणजे सारंग. तिकोना, विसापूर, राजमाची, किती ठिकाणी ते दोघे माझ्यात झोपले. वारा सुटला की लहू आतून माझी काठी धरून बसे. त्याच्या हाताची ती पकड मला अजून आठवते. पुढे माझ्या मनात जे विष साठले, त्याचे मूळ त्या आठवणीतच आहे.

दोन हजार आठ साली सारंग शिकायला न्यूझीलंडला निघाला. लहूने मला त्याच्या सामानात बांधायला काढले. तेवढ्यात त्यांची आई, बेबीताई, स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या घडीत चिवड्याची पुडी ठेवू लागली. त्यांच्या घरी शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत जात नसे. साखर तरी घालायची, नाहीतर दोन लिंबे.

"आई, तंबू आहे तो. डबा नाही," सारंग म्हणाला.

"रिकामं काही पाठवू नये," बेबीताई म्हणाल्या.

ऑकलंडच्या विमानतळावर सारंगने फॉर्म भरला. वापरलेला तंबू आहे का? खाण्याची वस्तू आहे का? दोन्हींपुढे त्याने 'हो' लिहिले. हातमोजे घातलेल्या एका अधिकारी बाईंनी 'किआ ओरा', म्हणजे तिथला नमस्कार, म्हणत मला टेबलावर उलगडले. त्यांनी चिवडा पाहिला. मग माझी शिवण बोटांनी चाचपत त्यांनी एक कुसळ बाहेर काढले, मग दुसरे, मग तिसरे. माझ्याच अंगात सह्याद्रीतले इतके गवत दडले आहे, हे मलाही माहीत नव्हते. परक्या गवताचे बी या देशात उतरू द्यायचे नाही, असा त्यांचा नियम. दोन तास मला धुतले, वाळवले आणि पिशवीला पिवळी चिठ्ठी बांधून परत दिले. चिवडा मात्र गेला. सारंग घामाघूम झाला होता. बाई त्याला म्हणाल्या, "तू सांगितलंस, छान केलंस." ती पिवळी चिठ्ठी त्याने कधी काढली नाही.

त्यानंतरची वर्षे चांगली गेली. शिक्षण संपले, सारंगला हॅमिल्टनमध्ये नोकरी लागली, गौतमीशी लग्न झाले. रॅग्लनचा समुद्र, टाउपोचे तळे, सगळीकडे मीच असायचो. त्यांची मुलगी सिद्धी चार वर्षांची असताना तिने माझ्या आत बसून पहिल्यांदा शंभरापर्यंत मोजले. लोक म्हणत, "हा तंबू अजून टिकला?" आणि मी ताणून उभा राहत असे.

मग एकदा रॅग्लनहून परतताना पाऊस लागला. मला ओलाच गुंडाळले. घरी गेल्यावर वाळवू, असे सारंग म्हणाला, आणि विसरला. हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या त्यांच्या नव्या घराच्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्राच्या मागे, मी तीन वर्षे पडून राहिलो. माझ्या एका कोपऱ्याला बुरशी आली.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत बेबीताई इथे आल्या. एप्रिलमध्ये त्यांना पुढे ऑस्ट्रेलियाला, ब्रिस्बेनला जायचे होते, लहूकडे. लहू तिथेच स्थायिक झाला होता. पण मार्चमध्ये साथीमुळे देशांच्या सीमा बंद झाल्या. बेबीताई इथे अडकल्या, लहू तिथे. मायलेकांची पाच वर्षांत भेट नव्हती. आता समुद्राच्या एका पट्ट्यासाठी ती राहिली.

दुपारी गॅरेजचे दार उघडले की आत ऊन येई. बेबीताई तिथे खुर्ची टाकून लसूण सोलत आणि फोनवर लहूशी बोलत. त्यांची पाठ माझ्या पिशवीला टेकलेली असे. त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे.

जूनमध्ये लहू म्हणाला, "आई, तुला फिरवायला मी मोटारहोम घेतली होती. माणसाला जाता येत नाही, पण मालाची जहाजं चालू आहेत. मी नाही येत तर गाडी येईल. सारंग तुला बर्फ दाखवेल."

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. फोनवर तिचा फोटो आला आणि सगळे घर तिच्याभोवती गोळा झाले. चार बिछाने, शेगडी, हीटर, संडाससुद्धा. माझ्यात काय होते? दोन झिपा आणि एक खिसा.

"राणीसाहेब आहेत या," सारंग म्हणाला, आणि तिला नाव पडले. सतरा वर्षांत मला कुणी नाव दिले नव्हते. गौतमीने तिच्यासाठी नव्या चादरी आणल्या. सिद्धीने तिचे चित्र काढून फ्रिजवर लावले. जहाज कुठवर आले, ते रोज नकाशावर पाहू लागले. मला आठवेना, माझ्यासाठी कुणी कधी काही पाहिले होते का. सगळ्यांत जास्त टोचे ते हे की ती लहूची होती. ज्या हाताने माझी काठी धरली, त्याच हाताने तिचे चाक धरले होते.

मी मनात म्हणायचो, बुडो ते जहाज. मित्रांनो, तुम्ही मला चांगले समजावे असे मला वाटते. पण मी असे म्हणायचो, हे खरे आहे.

बेबीताईंसाठी मात्र दिवस मोजके होते. भारतात नेणाऱ्या खास विमानात त्यांना चोवीस जुलैची जागा मिळाली होती. सिद्धीच्या शाळेची सुट्टी एकोणीस जुलैपर्यंत. गाडी तोवर बंदरातून सुटली तर सुटली, नाहीतर लहूच्या गाडीत बसायचे राहूनच जाणार होते.

जहाज निघाल्यावर एका दुपारी लहूने हळू आवाजात सांगितले, "आई, गाडी रिकामीच पाठवा म्हणून जहाजवाल्यांनी बजावलं होतं. पण तुझ्याकडे रिकामी कशी पाठवू? मागच्या सीटखाली डबा ठेवलाय. वाळवलेली लवंगी मिरची आणि अंबाडीचं बी, माझ्या परसातलं. सारंगच्या अंगणात लाव. त्याला आत्ताच बोलू नकोस, तो फार नियमवाला आहे."

"माझं बाळ ते," बेबीताई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

मी मात्र आनंदलो. हातमोजे घातलेली बोटे काय काय शोधून काढतात, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक? राणीसाहेब पकडल्या जाणार. बी, तेही लपवलेले. तिला अडकवतील, परतसुद्धा पाठवतील. दोन दिवस मी त्या आनंदात होतो. त्यात बेबीताईंचे बर्फ आणि सिद्धीचे चित्रही बुडत होते, इकडे मी पाहिलेच नाही.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. सारंग आणि सिद्धी गॅरेज आवरत होते. बेबीताईंनी माझ्या पिशवीची चिठ्ठी हातात धरली.

"ही पिवळी चिठ्ठी कसली रे?"

सारंगने विमानतळाची सारी हकीकत सांगितली. कुसळे, दोन तास, चिवडा.

"डिड यू गेट इन ट्रबल, बाबा?" सिद्धीने विचारले.

"नाही. आधीच सांगितलं होतं ना. म्हणून धुऊन परत दिला. न सांगता सापडला असता तर मी आणि तंबू, दोघांची धडगत नव्हती."

बेबीताईंचे लसूण सोलणे थांबले.

"सारंग, एक सांगू? रागावू नकोस."

त्यांनी डब्याचे सांगितले. सारंग पायरीवर खाली बसला.

"दादाला अक्कल नाही. आई, तूसुद्धा?"

"मला काय माहीत बियांवरून एवढं होतं ते. आता काय करायचं?"

"सांगायचं. पण सांगितल्यावर पूर्ण गाडी पुन्हा तपासतील. सुट्टी निघून जाईल. मग तुला..."

"मग नाही बसणार मी त्या गाडीत," बेबीताई म्हणाल्या. "पण हे लपवून बसायचं नाही. बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातली माणसं आपण. चोरून कशाला काय न्यायचं? लाव फोन."

सारंगने बंदरावरच्या तपासणी कचेरीत फोन लावला. आणि मी, ज्याने जहाज बुडावे म्हणून जप केला होता, तो त्या यंत्रामागे पडून होतो. माझ्याच पिशवीवरच्या चिठ्ठीने माझ्या वैरिणीला वाचवायचा रस्ता दाखवला होता. मला धड वाईटही वाटेना, धड बरेही.

जहाज लागले. सांगितल्याप्रमाणे डबा सापडला आणि नष्ट झाला. गाडी आतून-बाहेरून धुतली, तपासली. रोज सारंग फोन करी, रोज उत्तर येई, अजून नाही. सुट्टीचा पहिला आठवडा गेला. बेबीताईंनी बॅग भरायला घेतली, त्यात गरम कपडे तळाला घातले. नवव्या दिवशी निरोप आला, गाडी घेऊन जा.

ती घरासमोर उभी राहिली तेव्हा गॅरेजच्या दारातून मी तिला पाहिले. फोटोपेक्षा मोठी होती. बेबीताईंनी तिच्या दारावर हात फिरवला, जसा लहूच्या पाठीवर फिरवला असता. तासाभरात सगळे बसून गेले. गॅरेजचे दार खाली आले. मी अंधारात राहिलो. तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट.

ती मंडळी परतल्यावर बेबीताई पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या, आणि लहूला सांगू लागल्या. वेलिंग्टनहून बोटीने पलीकडच्या दक्षिण बेटावर गेलो. तळ्याकाठी बर्फ पडला. खिडकीशी बसून चहा प्यायले. "तू चालवतोस ना, त्या सीटच्या मागेच बसले होते रे."

पलीकडून लहू म्हणाला, "बरं झालं. पण आई, खरं सांगू? सिद्धीनं फोटो पाठवले ना, ते मला दोन दिवस उघडवेनात. माझ्या गाडीत सगळे बसले, मी सोडून. सारंगचा हेवा वाटला मला. लाज वाटते सांगायला."

मला वाटले, हे कुणी माझ्याच आतले बोलते आहे.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "आपला तंबू आहे का गं अजून? का टाकला त्यानं?"

"ही काय माझी पाठ टेकलीय त्याला," बेबीताई म्हणाल्या.

चोवीस जुलैला त्या गेल्या. सप्टेंबर अखेर राणीसाहेबांना परत पाठवायचे ठरले. सीमा अजून बंदच होत्या. त्याच्या आदल्या आठवड्यात सारंगने देहूरोडला फोन लावला.

"रिकामी पाठवायची नाही," बेबीताई म्हणाल्या.

"आई, पुन्हा तेच?"

"ऐक तर. आणि लपवायचंही नाही. तंबू पाठव."

"तो जुनाट? बुरशी आलीय त्याला."

"मग धू."

गौतमीने मला न्हाणीघरात घातले. व्हिनेगर, साबण, मऊ ब्रश. मळकट पाणी वाहत गेले. दोन दिवस मी अंगणातल्या उन्हात उभा होतो. सिद्धी आत येऊन बसली. तिचे डोके आता माझ्या छताला लागत होते. "आय विल मिस यू हीप्स," ती म्हणाली, म्हणजे तुझी खूप खूप आठवण येईल. मला वाटले होते, ती मला विसरली.

मित्रांनो, हे सगळे मी तुम्हाला ऑकलंडच्या बंदरावरून सांगतो आहे. राणीसाहेबांच्या मागच्या सीटखाली, जिथे तो डबा होता, तिथे मला ठेवले आहे. तिच्याशी मी अजून बोललो नाही. तिच्या गाद्या माझ्यापेक्षा मऊ आहेत, हे मला अजून टोचते. पण ती ज्याच्याकडे निघाली आहे त्याच्याकडेच मीही निघालो आहे, आणि न्यायचे काम तीच करणार आहे.

तुमच्या घरी एखादा तंबू असेल तर त्याला ओला गुंडाळू नका. उन्हात उभा करा, शिवणीतली कुसळे काढा, मगच घडी घाला. मनात हेवा साठला असेल तर लहूसारखा कुणाजवळ तरी बोलून टाका. मी तो सतरा वर्षांच्या घडीत ठेवला, आणि त्यालाही बुरशीच आली.

सकाळी हातमोजे घातलेला एक तरुण अधिकारी आला होता. सिद्धीने लिहिलेला सामानाचा कागद त्याने वाचला आणि मला बाहेर काढून शिवणीवरून बोट फिरवले. काही सापडले नाही. त्याने कागदावर बरोबरची खूण केली. त्या कागदावर एकच ओळ होती.

एक जुना तंबू. धुतलेला. लहूकाकासाठी.