डाग नसलेली वही

वर बसणाऱ्यांनो, चोर सापडायच्या आधी चोरांचा आकडा तुम्ही ठरवता. दर महिन्याला प्रत्येक पथकाने वीस प्रकरणं द्यायची असं फर्मान काढता, आणि एकोणीस आली की डोळे वटारून विचारता, विसावं कुठे दडवलंत? आता ऐका, तुमचं विसावं कोण होतं ते.

सरकारी मदतीवर डल्ला मारणाऱ्यांना पकडायचं एक पथक होतं. सात तपासनीस आणि त्यांच्यावर बाई. बावीस वर्षांत बाईंनी मेलेल्यांच्या नावावर पेन्शन खाणारे पकडले होते, नुसत्या कागदावर चालणारे अनाथाश्रम पकडले होते. नवा तपासनीस आला की पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून मंत्र द्यायच्या, "खरी वही मळकी असते. जिथे एकही डाग नाही, तिथे वाकून बघ."

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भिंग फाइल घेऊन आला. त्याला सगळे भिंगच म्हणत, कारण जेवणाच्या डब्यातही तो आधी वाकून बघायचा.

"बाई, विसावं मिळालं. आजारी, म्हाताऱ्या आईला सांभाळणारी लेक. देखभालीची मदत दीड वर्ष घेतेय. रोज तासातासाची नोंद ठेवायची अट आहे ना, या बघा तिच्या अठरा वह्या. एक खाडाखोड दाखवा, मिशी उतरवतो."

बाईंनी वही उघडली. अक्षर मोत्यासारखं. शाई एक, समास एक, डाग नावाला नाही.

"आणि हे लेकीचं अक्षर नाही," भिंग म्हणाला. "समोर बसवून दोन ओळी लिहून घेतल्या. कोंबडीचे पाय! तरी म्हणते, मीच लिहिते. तसा जबाब दिलाय, सही केलीय. कुणाला तरी बसवून एका दमात अठरा वह्या लिहून घेतल्यात. तुमची सही झाली की विषय संपला."

विषय म्हणजे काय, ते बाईंना पाठ होतं. मदत त्याच दिवशी बंद. लेकीवर खटला. आणि तीन आठवड्यांत आईची रवानगी सरकारी आश्रयगृहात.

पूर्वी बाईंची एक खोड होती, घराचा उंबरा पाहिल्याशिवाय सही नाही. तुमचं विसाचं फर्मान आलं आणि ती खोड मोडली. तेव्हापासून डाग नसलेल्या वह्यांची अकरा प्रकरणं त्यांनी खुर्चीत बसूनच निकालात काढली होती.

पेन हातात घेतलंच होतं, तेवढ्यात नजर एका ओळीवर अडली. "सात चाळीस. आईचे केस विंचरले." खाली, "तीन पाच. आई रुसली. चार वाजेपर्यंत बोलली नाही."

"भिंग, लबाड माणूस सातला लिहितो, आठला लिहितो. सात चाळीसला कोण लिहितं? आणि पैसे देऊन लिहून घेतलेल्या वहीत आई रुसते का रे?"

"मुरलेली असेल, बाई."

"चल. वह्या उचल, चपला घाल."

दुसरा मजला, अरुंद जिना, एकच खोली. दाराशी शिलाई मशीन आणि पँटींचा ढीग. लेक पन्नाशीला टेकलेली. भिंगला बघताच तिने कात्री आपटली.

"आता काय राहिलं? माझे दात मोजायचे?"

भिंतीशी पलंगावर म्हातारी आई बसली होती, मांडीवर लिहायची फळी. तिने चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं.

"पुढे या. नक्कल हवी? अर्ज दिलात?"

"आई, पड जरा," लेक घाईने म्हणाली.

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

"दोन. घाई असेल तर तीन."

बाईंना हसू फुटलं आणि तिथेच थांबलं. म्हातारीच्या मधल्या बोटाला शाई लागली होती. बाईंनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाया पडते, बाई, हे लिहू नका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "चाळीस वर्षं हिने कोर्टात नकला उतरवल्या. आता माझं नाव आठवत नाही, मोरीची वाट आठवत नाही. पण पुढ्यात कागद ठेवला की हात चालतो. संध्याकाळ झाली की कावरीबावरी होते, घरी जायचंय म्हणून रडते. मग दिवसभराच्या नोंदींचा कागद मी तिच्यापुढे ठेवते. ती वहीत उतरवते. तासभर शांत. हे यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, एवढं सुंदर लिहिते, मग आजारी कसली? करा बंद."

भिंग नेमकं तेच म्हणाला असता.

"कच्चे कागद कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"नक्कल झाली की कुठे जातात कोण जाणे. केरात गेले असतील. तेच तर, माझ्यापाशी पुरावा—"

"केरात?" म्हातारी कडाडली. "मूळ प्रत केरात? नोकरी जाईल तुझी!"

तिने पाठीमागची उशी पुढे ओढली. अभ्र्याची गाठ सोडली आणि आतून गठ्ठे काढले. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे, शिलाईच्या दोऱ्याने महिन्यामहिन्याने बांधलेले. अठरा. त्यावर औषधाचे ओघळ होते, कपाच्या बुडाची वर्तुळं होती, आणि कोंबडीच्या पायांनी सात तीस खोडून केलेलं सात चाळीस होतं.

भिंग फरशीवर मांडी घालून बसला आणि एकेक पान वहीशी ताडू लागला. चौथ्या महिन्यापर्यंत एक काना चुकला नव्हता. पुढचे गठ्ठे त्याने उघडलेच नाहीत, नुसता हात फिरवला.

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. म्हातारीने आजचा कागद त्यांच्यापुढे धरला, ओळीवर बोट ठेवलं आणि गुपित सांगावं तशी कुजबुजली.

"ही कुणाची तरी लेक आहे हो. फार करते आईचं. रोज केस विंचरते. नशीबवान म्हातारी."

लेकीने पाठ फिरवली आणि मशीन चालवायला घेतलं. चाक फिरत राहिलं, सुई खालीवर होत राहिली. सुईत दोरा नव्हता.

थोड्या वेळाने बाई उठल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "खोटा जबाब पुन्हा द्यायचा नाही. कुणाला घाबरलीस तर मला येऊन सांग."

जिना उतरताना भिंग म्हणाला, "बाई, वहीला डाग नव्हता म्हणून मी..."

"मंत्र माझाच होता, बाबा. तू नुसता जपलास."

कचेरीत येऊन बाईंनी अहवाल लिहिला. छापील फॉर्मवर प्रश्न होता, रुग्णाला लिहिता येतं का? होय की नाही. बाईंनी दोन्ही खोडलं आणि समासात लिहिलं, "येतं. आपण स्वतःबद्दल लिहितोय, हे कळत नाही. देखभालीची गरज पूर्ण. मदत चालू ठेवावी."

मग कपाटातून अकरा फाइली काढल्या आणि तुम्हाला पत्र लिहायला बसल्या. तीनदा खोडलं, एकदा चहा सांडला. "टाइप करून देऊ का?" भिंगने विचारलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मूळ प्रत आहे." पत्र असं:

"या महिन्यात एकोणीसच. विसावं नाही, कारण विसावा चोर नव्हता. माझ्या सहीने अकरा घरांची मदत बंद झाली, त्यांतल्या एकाचाही उंबरा मी पाहिलेला नाही. चूक माझी, घाई तुमची. माझी चूक मी लेखी कबूल करते, शिक्षा असेल ती द्या. पण आधी ती अकरा प्रकरणं उघडायची परवानगी द्या आणि एवढं सांगा, त्या अकरा घरांत आज कोण कोण उरलंय? आश्रयगृहात किती गेले, त्यांचे केस कोण विंचरतं? लेखी कळवा. खाडाखोड असली तरी चालेल."

पत्र पोचल्याची सही आली, त्याला आज चाळीस दिवस झाले. उत्तर कुठे आहे?