वहिनीचा घसा आणि माझा बास

वहिनी आणि मी एकाच रेडिओ केंद्रात. ती सकाळच्या कार्यक्रमाची निवेदिका, मी काचेपलीकडची इंजिनियर. नणंद-भावजय म्हणून घरात जे ऐकवायचं राहून जातं, ते गाणं चालू असताना ऐकवून घेतो.

मध्यंतरी तिच्या घशात गाठ निघाली. ती काढली, तपासणीत साधीच ठरली. ती रजेवर असताना आमच्या साहेबांना सुरसुरी आली. प्रत्येक गोष्टीत त्यांना दणका लागतो, म्हणून पाठीमागे त्यांना आम्ही दणकासाहेबच म्हणतो. त्यांच्या हुकमावरून मी प्रोसेसरवर बास चढवला. प्रोसेसर म्हणजे आवाज प्रक्षेपित होण्याआधी जिच्यातून जातो ती पेटी. आवाजाचा खालचा भरदार भाग तिच्यात वाढवता येतो, वरचा टोकदार भाग कमी करता येतो. थोडक्यात, अख्ख्या केंद्राच्या तोंडाला पावडर लावायचं काम तिच्याकडे.

वहिनी परत आली आणि पहिल्याच सकाळी मी माझा हेडफोन काढून पुन्हा लावला. आवाज इतका बारीक, की शेजारच्या खोलीतून कुणी बोलतंय असं वाटावं.

"महिनाअखेरपर्यंत बघू," साहेब मला म्हणाले. "नाही जमलं तर सकाळ दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

ही गोष्ट वहिनीला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी गुपचूप बास आणखी थोडा वाढवला, तिच्या आवाजाला जरा अंग यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी ती माइकपासून आणखी लांब बसली, आवाज आणखी बारीक. मी आणखी बास दिला. असं करता करता गाणी पिंपात बसून म्हटल्यासारखी घुमायला लागली. तालाचा ठोका पडला की पेटी सगळाच आवाज दाबून टाकायची आणि गायक बिचारा बुडायचा. साहेब मात्र खूश. "याला म्हणतात दणका!"

घरी वहिनी बोलेनाशी झाली. दादाने काही विचारलं तर नुसती मान हलवायची. तिचा आवाज गेलाच, या विचाराने मला जेवण जाईना.

एका सकाळी कार्यक्रमानंतर तिला शेजारच्या छोट्या स्टुडिओत पंख्याची जाहिरात वाचायची होती. ती वाचून झाली, मी रेकॉर्डिंग लावलं आणि चाटच पडले. जुना, भरलेला, तिचाच आवाज.

"वहिनी, हा आवाज कुठे दडवून ठेवला होतास?"

"चेष्टा नको गं."

"ऐक तरी!"

तिने ऐकलं. "इथे बरा येतो," ती म्हणाली. "तिकडे हेडफोन लावला की घोगरा येतो, घशात कापूस कोंबल्यासारखा. म्हणून मी लांब बसते, वरच्या पट्टीत बोलते. तुला कळू नये म्हणून."

"काय कळू नये?"

तिने घशाला हात लावला. "गाठ परत आलीय."

मी तिच्या हेडफोनकडे बघितलं. छोट्या स्टुडिओत हेडफोनला सरळ माइकचा आवाज मिळतो. मोठ्या स्टुडिओत मिळतो तो श्रोत्यांना ऐकू जाणारा, माझ्या पेटीतून निघालेला.

"गाठबीठ काही नाही, वहिनी. तो बास आहे. मी चढवलाय."

"तू? कशाला?"

"तुझा आवाज बारीक येतो म्हणून!"

"अगं भवाने, तुझ्या बासमुळेच मी तो बारीक काढत होते! तोंडाने विचारायला काय झालं होतं?"

"आणि तू सांगितलंस का?"

दोघींचा पगार बोलण्याच्या धंद्यातून येतो आणि दोघी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. आधी ती हसली, मग रडली, मग मला खणखणीत आवाजात शिव्या दिल्या. शिव्या ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या सकाळी मी प्रोसेसरवरचा सगळा चढवलेला बास उतरवला. वहिनी माइकजवळ सरकली, बोलली आणि काचेपलीकडे मी चक्क टाळ्या वाजवल्या. वाक्याच्या शेवटी थोडी खरखर होती, ती मी तशीच राहू दिली.

साहेब डोकावले. "आज दणका कमी वाटतोय." मग जरा थांबून ऐकलं. "पण बाई छान बोलतायत. सकाळ त्यांच्याकडेच राहू दे."

गाणं लावून मी ही बातमी काचेपलीकडे कळवली. वहिनीने हेडफोन मानेवर घेतला. "आज दुपारी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार होते," ती म्हणाली. "घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज हेडफोन लावताना हात कापायचे गं माझे."

तिचे कापणारे हात मी काचेतून रोज बघत होते आणि ते थंडीने कापतात समजून एसी कमी करत होते.

"मग आता नाही जायचं?" मी कसंबसं विचारलं.

"जायचं. एकदा खात्री झालेली बरी. पण तू बरोबर चल."

मी हो म्हटलं. गाणं संपत आलं होतं, मी तिचा माइक उघडला.