वरचा सा

"सकाळपासून एकच सूर कुरतडतायत. त्यापेक्षा उंदीर परवडला, तो निदान पोट भरलं की थांबतो," सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या आणि भाजीची टोपली घेऊन आत सटकल्या.

कुरतडणारे म्हणजे सासरे. चाळीस वर्षं लोकांच्या पेट्या सुरात लावून देत आलेले. पेटीच्या आतल्या पितळी पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो, एवढंच त्यांचं शास्त्र. बाकी सगळा कान. यंत्रात बघून सूर लावणाऱ्यांना ते "चष्मेवाले" म्हणत, तेही शिवी दिल्यासारखं.

त्यांचं सूर लावायचं टेबल, म्हणजे ते कामच, सुनेला हवं होतं. नवरा भाते शिवायचा, लाकूडकाम करायचा. सुरांशी त्याचा छत्तीसचा आकडा. म्हणून वर्षभर ती पेटीकडे पाठ करून बसत होती. सासरे पट्टी दाबायचे, ही नाव सांगायची. कान इतका तयार झाला की फ्रिज कुठल्या सुरात कण्हतो तेही तिला कळायला लागलं. नवऱ्याचं घोरणं गंधारावर सुरू होऊन कुठेही भटकत जायचं, तेही. फक्त वरच्या सप्तकात घोडं अडायचं. सकाळी घोकलेला सा संध्याकाळी त्याच पट्टीतून वेगळाच यायचा.

"बाई, वरच्या मजल्यावर तुझं कोणी राहतच नाही का?" सासरे विचारायचे. ती मान खाली घालायची.

मागच्या आठवड्यात मात्र दुपारी ती पाणी प्यायला उठली, तर नवरा पेटी उघडून बसलेला. समोर सूर मोजणारा मोबाईल टेकवलेला, हातात कानस.

"अहो, हे काय?"

"हळू बोल! बाबा झोपलेत. दोन वर्षं झाली, वरचे सूर चढे लावतात. मी उतरवून ठेवतो."

"आणि सकाळी?"

"त्यांना ते उतरलेले वाटतात. परत चढवतात आणि हवेला शिव्या घालतात."

बापलेकांत घासून घासून आतली पितळी पट्टी कांद्याच्या पापुद्र्याइतकी झाली होती.

"आईंना ठाऊक आहे?"

"तिनेच तर मला हे करायला सांगितलं."

"आणि मी वर्षभर बोलणी खातेय ती?"

"तुला काय, चार शब्द. त्यांना कळलं तर त्यांचं काय होईल?"

आज सासऱ्यांनी कानस खाली ठेवली. "आता शेवटचं. हा जमला तर टेबल तुझं, नाही तर मी कुलूप लावतो." त्यांनी पट्टी दाबली. "सांग, सा लागला?"

नवरा डोळे मोठे करून मान डोलवत होता. हो म्हटलं की टेबल तिचं. मग आयुष्यभर ती त्यांच्यासारखेच चढे सूर लावणार आणि तिच्या मागून नवरा घासणार. तिने हो म्हणायला तोंड उघडलं.

"चढा आहे."

"काय?"

"केसभर. पण चढाच आहे."

त्यांनी पुन्हा दाबली. "आता?"

"चढाच."

"म्हणजे चाळीस वर्षं मी इथे माशा मारल्या?"

"अगं, लागला म्हण ना एकदाचं!" आतून सासूबाई ओरडल्या.

सासरे सावकाश दाराकडे वळले. "म्हण ना म्हणजे?"

नवऱ्याला एकाएकी भात्याची शिवण तपासायची होती. सून उठली आणि सासऱ्यांसमोर स्टुलावर बसली.

"मामंजी," ती म्हणाली, "तुम्हाला वरचं नीट ऐकू येत नाही."