वहिनीने आणलेली बाटली

"माझीच आहे," लोसेवहिनी म्हणाली आणि रुमालात गुंडाळलेली बाटली तिने दवाखान्याच्या खिडकीतून आत सरकवली.

बेटावरची नर्स मीच. मी रुमाल सोडला. लघवीचा रंग मासळी धुतलेल्या पाण्यासारखा. तपासणीची पट्टी बुडवली, पट्टीनेही तेच सांगितलं. रक्त.

"जळजळ होते का गं?"

"असेल थोडी."

"असेल म्हणजे? तुझंच पोट ना?"

"होते हो वन्सं, होते!"

एरवी हिच्या पोटात वारा धरला तरी अख्ख्या चर्चला कळतं. आज मात्र मूग गिळून उभी. बायकांना होतो तसा लघवीचा जंतुसंसर्ग धरून मी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी पी म्हटलं, आणि गोळ्या संपल्या की पुन्हा तपासायला ये म्हणून बजावलं. ती आली नाही. चर्चच्या दारात भेटली तेव्हा खुशीत होती. "थांबलं की हो! तुमच्या हाताला गुण आहे."

पुढे कोनफळांचा हंगाम तोंडावर आला आणि दुसरी बाटली आली. या वेळी तळाशी काळ्या गुठळ्या होत्या.

"आता गोळ्या नाहीत," मी म्हटलं. "टेबलावर झोप, पोट बघते. आणि शुक्रवारच्या बोटीने नुकुआलोफाला, राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात."

वहिनी पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. "माझी नाही हो ती! पहिलीपण माझी नव्हती. गोळ्यापण मी नाही खाल्ल्या. कशी सांगणार वन्सं? तुमच्यापुढे त्यांची असली गोष्ट काढली असती तर जीभ झडली असती माझी."

कोणाची, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या घरात माणसं दोनच.

आमच्या टोंगात बहीण मोठी व्हायला लागली की भावाची चटई पोरांच्या झोपडीत जाते. मग दोघं एका छपराखाली निजत नाहीत, एकमेकांसमोर थट्टा करत नाहीत, आणि अंगाच्या गोष्टींचं तर नावच नको. बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. मान मला भरपूर मिळाला. सेमिसीदादाच्या शेतातलं पहिलं कोनफळ, त्याच्या भट्टीतला रविवारचा पहिला घास, सगळं माझ्या दारी येतं. तो मात्र बाहेरूनच हवापाण्याचे दोन शब्द बोलून जातो. बेटावरच्या यच्चयावत पुरुषांच्या लघव्या मी तपासल्या असतील. ज्याच्या खांद्यावर बसून लहानपणी खाडी ओलांडायची, त्याची तेवढी मला वर्ज्य. मला तो मान नको होता. मला माझा दादा हवा होता, पण हे सांगायचं कुणाला?

त्याच दुपारी त्यांच्या घरी गेले. बाहेर, झावळ्यांच्या भिंतीला टेकून बसले. दादा आत होता आणि वहिनी मध्ये उंबरठ्यावर. बोलले वहिनीशी, पण आवाज असा लावला की आतल्या उंदरांनीही ऐकावं.

"वहिनी, नीट ऐक. दुखलं की माणूस धावत येतो. न दुखता रक्त जातं ना, त्याची भीती जास्त. एकदाच दिसलं आणि आपोआप थांबलं, तरी दाखवायचं. कधी खडा निघतो, कधी जंतू निघतात, कधी काहीच निघत नाही. पण पन्नाशी उलटलेलं, विड्या ओढणारं माणूस असेल तर मूत्राशयात गाठ नाही ना, हे आत नळी घालून बघावंच लागतं. आणि गुठळ्यांनी लघवी तुंबली तर त्याच घटकेला निघायचं."

"मी कुठे विड्या ओढते?" वहिनी अजून आपली बाटली सोडायला तयार नव्हती.

"तू नाही ओढत. तुझं मूत्राशय ओढतं."

भिंतीआड कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा! केवढ्या वर्षांनी मी त्याला हसताना ऐकलं.

मग आतून आवाज आला. "लोसे, तिला विचार, गोळ्यांनी थांबलं होतं ना? मला वाटलं कावा पिणं जास्त झालं, पाणी कमी पडलं, ऊन बाधलं."

"त्याला सांग, थांबलं नव्हतं. लपलं होतं."



"बरं. तिला सांग, कोनफळं निघाली की जातो. पहिलं तिच्या दारात ठेवल्याशिवाय मी बेट कसं सोडू?"

माझं डोकंच फिरलं. "आग लागो तुझ्या कोनफळांना!" मी थेट भिंतीकडे तोंड करून ओरडले. "मला नकोत ती. मला तू हवायस, दादा!"

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शुक्रवारी तो बोटीत चढला. तिथे नळी घालून बघितलं. गाठ होती, आणि मूत्राशयाच्या भिंतीत खोल उतरली होती. पहिल्या बाटलीच्या वेळी आला असता तर कदाचित खरवडून निघाली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता लागणारं ऑपरेशन आमच्या देशात होत नव्हतं, आणि समुद्रापार धाडण्याजोगा तो उरला नव्हता. लघवीची नळी आणि पिशवी घेऊन दादा घरी आला.

मी रोज त्याच भिंतीला टेकून बसायची. "वहिनी, पिशवी खाली धर. नळीला पीळ पडला नाही ना बघ." आत वहिनीचे हात चालायचे, बाहेर माझं तोंड.

मग एका सकाळी नळी तुंबली. वहिनीला ती मोकळी करता येईना. दादा कण्हत होता. त्याचं पोट दगडासारखं झालंय, असं ती आतून ओरडत होती. बेटावर नळी बदलता येणारी मी एकटी, आणि मी बाहेर बसून देवाचा धावा करत होते.

"मेलेआने," दादा म्हणाला. थेट माझं नाव. मध्ये लोसे नाही, तिला सांग नाही. "आत ये गं."

मी आत गेले. त्याने डोळ्यांवर टॉवेल ओढून घेतला होता. किती वाळला होता माझा दादा! मी हात धुतले, जुनी नळी काढली, नवी घातली. पिशवीत लाल धार लागली तसं त्याचं अंग सैल पडलं.

मी उठायला लागले तेव्हा तो टॉवेलाखालूनच म्हणाला, "हात अजून लहानपणीसारखेच गार आहेत तुझे."

मी पुन्हा खाली बसले. वहिनीने जेवायला हाक मारली, तरी आम्ही दोघांनीही ओ दिली नाही.