माफ केलेली घरपट्टी

थोरला हल्ली मागच्या दाराने घरात येऊ लागला होता आणि म्हातारीला ते अजिबात खपत नव्हतं. निवडून आला त्या दिवशी रस्ता अपुरा पडेल अशी छाती काढून आलेला हा गावाचा अध्यक्ष, आता न्हाणीमागच्या बोळातून, ओल्या पोतेऱ्यावर पाय देत, चोरासारखा आत शिरायचा. पुढच्या दारासमोर दवाखाना होता, आणि दवाखान्याच्या ओट्यावर नर्सबाई आपली खोकी बांधत होती.

"पाय वाकडे झालेत का रे तुझे?"

"समोरून ऊन लागतं, आई."

"उन्हाला तुझंच तोंड बरं सापडतं."

आतल्या खोलीत धाकटी सून कुशीवर पडून होती. तिचे दिवस भरत आले होते. आधीच्या खेपेला मूल आडवं आलं, तेव्हा नर्सबाईने मायलेकरांना वाचवलं होतं. मोठं इस्पितळ घाटापलीकडे, आणि घाटात गाडीचा भरवसा नाही.

पूर्वी नर्सबाईचा पगार थेट राजधानीतून यायचा. मग वरच्यांना उमगलं की गावाचं गावालाच जास्त कळतं. दवाखाना तुम्ही चालवा म्हणाले. घरपट्टीतून जेवढं गोळा कराल, तेवढीच भर आम्ही घालू. थोरल्याने त्याच सुमारास आलेल्या निवडणुकीत घरपट्टी माफ करायचा शब्द दिला, आणि निवडून आल्यावर पाळलाही. शब्दाचा पक्का लेक म्हणून म्हातारी नळावर चार बायकांत मान ताठ करून उभी राहायची. वरचं तर येईलच, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गावाने काही घातलं नाही, वरून काही आलं नाही. इमारतीचा निधी मात्र वेगळा, तो पगाराला लावता येत नाही. म्हणून बंद पडायच्या दवाखान्याला नवा निळा रंग लागला.

नर्सबाईने पगाराविना बरेच दिवस काढले. आता दुसऱ्या गावाने तिला बोलावलं होतं.

दुपारी कचेरीत सभा भरली. म्हातारी आजवर तिथे गेली नव्हती. आज जाऊन थेट पुढच्या खुर्चीत बसली. थोरल्याने घसा खाकरला, पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरपट्टी पुन्हा सुरू व्हावी असं कुणाला वाटतं?"

नर्सबाईचं नाव त्याने काढलंच नाही.

"असं विचारतात होय?" म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. "दात कुणाला पाडून घ्यायचाय, असं विचारल्यावर कोण तोंड उघडेल? पट्टी नसेल तर बाई जाते, हे सांग ना आधी."

"आई, सभा चालू आहे."

"चालू आहे म्हणूनच बोलतेय. संपल्यावर काय भिंतीशी बोलू?"

मागून न्हावी म्हणाला, "आजी, तुमच्या घरात अध्यक्ष आहे, तुम्हाला परवडेल."

लोक हसले. थोरलाही हसला. म्हातारीने हात वर केला. तिच्यामागे गवंड्याने केला. त्याचीही बायको पोटुशी होती. मग किराणावाल्याने अर्धा केला आणि आजूबाजूला बघून त्याच हाताने कान खाजवला. थोरल्याचा हात टेबलाखाली होता. गेल्या निवडणुकीत टाळ्या पडल्या होत्या, त्या त्याला अजून ऐकू येत असाव्यात.

संध्याकाळी दुधाची गाडी दवाखान्यापुढे थांबली. नर्सबाईने खोकी चढवली, किल्ली म्हातारीच्या हातात ठेवली. "पहिली कळ येताच निघा, मावशी. वाट बघू नका." धाकटी खिडकीत उभी होती. गाडी वळणाआड गेली तरी ती तिथून हलली नाही.

म्हातारीने मागच्या दाराला आतून अडसर घातला.

अंधार पडता पडता कडी वाजली. "आई, दार."

"पुढून ये."

कडी पुन्हा एकदा वाजली. मग पावलं बोळातून घराला वळसा घालून आली. थोरला उंबऱ्यात उभा राहिला. त्याच्या पाठीमागे दवाखान्याची निळी भिंत तेवढी दिसत होती. आत धाकटीने कूस बदलली आणि हलकेच कण्हली. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"पुढच्या सभेत पुन्हा विषय काढतो, आई," तो म्हणाला. "लोकांचा कल बघून."

म्हातारीने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"तू वाईट नाहीस रे," ती म्हणाली. "तुला फक्त सगळ्यांना आवडायचंय. अशा माणसाच्या हाती मी चार शेळ्यासुद्धा दिल्या नसत्या, आणि गावाने दवाखाना दिला."