डावं पान

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर वाचाही गेली. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, खुर्चीत लाकडासारखा बसून राहिला. दवाखान्यात संगीतोपचार शिकणारी एक मुलगी त्यांच्यासाठी गिटार घेऊन यायची. चार बैठकांत काही प्रतिसाद दिसला नाही तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला देणार, असं आधीच सांगितलं होतं. तीन झाल्या. हे ढिम्म.

तिसऱ्या बैठकीनंतर मुलगी कोपऱ्यात बसून वही लिहू लागली. तिला शिकवणाऱ्या बाईंचा नियमच तसा. बैठक संपली की कुणाशी बोलायच्या आधी लिहायचं, तेही फक्त उजव्या पानावर. मग बाईंसोबत बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि जे निसटलं ते डाव्या पानावर. उजवं पान खोडायचं नाही.

"आजी, तुम्हीही बसा ऐकायला," बाई म्हणाल्या. "आजोबांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

"पन्नास वर्षं झाली, अजून अंदाज चुकतोच," मी म्हटलं.

मुलीने उजवं पान वाचलं. 'चार गाणी वाजवली. आजोबा शांत. प्रतिसाद नाही.'

रेकॉर्डिंग लागलं. एक गाणं संपलं, जेमतेम दोन श्वासांची फट, की दुसरं सुरू. त्या फटीत काहीतरी घरघरलं.

"खुर्ची करकरतेय," मुलगी म्हणाली.

"खुर्ची कसली! परत लाव," मी म्हटलं.

परत लावलं. माझ्या अंगावर काटा आला. खालच्या पट्टीतलं लांब "हं...", आणि ते पुरं व्हायच्या आत त्याच्यावर गिटार. तिन्ही फटींत तेच.

"रंधा मारताना हे असंच गुणगुणायचे," मी म्हटलं. "रंधा पुढे जाताना गप्प, मागे ओढताना हं."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. आता सबब सांगेल, असं मला वाटलं. बाई रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "घाई कशाची होती?"

तिने वही पुढे ओढली. मग डाव्या पानावर लिहिलं आणि वाचलं. 'शांतता झाली की वाटतं, मला काही येत नाही हे सगळ्यांना कळेल. म्हणून वाजवत सुटते. आजोबा बोलत होते. मी त्यांना तोडलं.'

मी साठीत अक्षरं गिरवली. लिहायचं ते अर्ज, यादी नाहीतर निरोप, एवढंच मला ठाऊक. आपली चूक आपल्याच हाताने शाईत लिहून चारचौघांत वाचणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. नातीच्या वयाची पोर, पण तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

चौथ्या बैठकीत तिने एकच सूर छेडला, रंधा फिरावा तसा लांब, आणि थांबली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. माझाच जीव वरखाली. वाजव गं बाई, असं ओठांवर आलेलं. तिच्या कपाळावर घाम, पण हात तारांवर तसाच.

"हं..."

तिने तोच सूर परत दिला. थांबली. ह्यांनी पुन्हा "हं" केलं, आणि डाव्या हाताची मूठ मांडीवरून मागे ओढली. मूठ रंध्यावर वळावी तशी वळलेली.

"बैठका चालू राहतील," बाई शेवटी म्हणाल्या. "पण आजचं डावं पान कोरंच आहे."

मुलीने वही माझ्यापुढे सरकवली. "निसटलेलं आजींना ठाऊक असेल."

मी पेन हातात घेतलं. मग अक्षराला अक्षर लावत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. 'हे गुणगुणायचे तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडायची, ती घरघर बंद करा.'

कुणी हसलं नाही. खुर्चीतून तेवढं आलं, "हं."