फुटलेला शेवट

ऋतिकाने मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. शब्द काही बदलले नाहीत. ‘विश्वजीतने पडदा सारला आणि ऊन तोंडावर घेतलं.’ तिचंच वाक्य, तिच्याच कादंबरीचं शेवटचं पान. पुस्तक यायला अजून पंधरवडा होता आणि पान मात्र सकाळपासून वाचकांच्या ग्रुपवर हिंडत होतं.

‘काळोखाचे भाडेकरू’चा हा तिसरा आणि शेवटचा भाग. तीनशे वर्षं रक्तावर जगलेला विश्वजीत पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि सोसायटीला सांगतो की आपल्याला कायमची नाइट शिफ्ट आहे. खराडीतली नोकरी सांभाळून ऋतिकाने हे सगळं लिहिलं होतं. पहिल्या दोन भागांनी पोरं अक्षरशः वेडी झाली. ग्रुपवर रोज नवी आवई उठायची: वेबसिरीज येणार, विश्वजीतचं लग्न होणार, लेखिका मुळात बाईच नाही. आज मात्र नुसतं रणकंदन.

‘विश्वजीतला मारलं? या बाईला घरचे काही बोलत नाहीत का?’

‘तीनशे वर्षं घरमालकांना पुरून उरला आणि मेला कशाने, तर उन्हाने!’

‘खोटं पान आहे. इतका भिकार शेवट कोणी छापत नाही.’

एरवी ती खो खो हसली असती. पण वेबसिरीजची ती आवई खरी होती. करार झाला होता आणि त्यात एक अट होती. शेवट लेखिकेकडून बाहेर फुटला, तर करार रद्द. 

दुपारी प्रकाशक रंगनाथसरांचा फोन आला. सर कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्तच धडकी भरायची.

“ऋतिकाबाई, फोटोत स्पायरलची तार दिसतेय. तशा बांधलेल्या प्रती दोनच होत्या. एक तुमच्याकडे, एक आमच्या अक्षताकडे. बरोबर?”

“हो सर. माझी माझ्या कपाटात आहे.”

“म्हणजे पान आमच्या ऑफिसातून गेलं म्हणायचं. अक्षता नाही म्हणतेय. सिरीजवाल्यांना मला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. तुमच्या घरून गेलं नाही, एवढं तुम्ही खात्रीने सांगताय ना?”

“खात्रीने,” ऋतिका म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने कपाट उघडून बघितलं. प्रत साड्यांच्या खाली, जिथल्या तिथे होती. तिला हायसं वाटलं आणि लगेच संताप आला.

अक्षता म्हणजे तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि आता तिच्या पुस्तकांची संपादक. विश्वजीतला पहिल्या पानापासून तिनेच सांभाळलं होतं. ऋतिकाने तिला फोन लावला आणि नमनाला घडाभर तेल न घालता विचारलं,

“कोणाला दाखवलंस?”

“कोणालाही नाही.”

“मग काय त्याला पाय फुटले? प्रती दोनच आहेत, अक्षता. माझी माझ्या कपाटात आहे.”



“मी दिलं असेल, असं खरंच वाटतंय तुला?”

“वाटायचा प्रश्नच कुठे येतो? तुझ्या निष्काळजीपणाने माझी इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाणार आहे. तुझं काय जातंय?”

“बरं,” अक्षता म्हणाली. “बरं ऋतिका.” आणि तिने फोन ठेवला.

स्वयंपाकघरातून सोजरबाई हात पुसत बाहेर आल्या. ऋतिकाच्या सासूबाई. हडपसरमध्ये मळ्याच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मळेकरी सातव्या मजल्यावर राहायला आले, पण सोजरबाईंचा दिवस अजून गावातल्या नाथाच्या देवळातल्या घंटेवरच चालायचा.

“का गं, कुनावर वरडत हुतीस एवढी? रडतीयस का काय?”

“काही नाही, आई. माझ्या पुस्तकाचं एक पान कोणीतरी बाहेर फोडलंय.”

“म्हंजी त्या कपाटातल्या वहीचं?” सोजरबाई खुर्चीत टेकल्या. “आगं, ती तर म्या रविवारी नाथाला दावून आनली.”

ऋतिकाने हातातला फोन खाली ठेवला.

“काय केलंत?”

“लग्नाची पयली पत्रिका आपन देवाला ठिवतो का न्हाई? पयली भाजी निघाली तरी आधी नाथाला. मग तुझं पुस्तक निघालंय, ते कसं तसंच जाऊ द्यायचं? आन त्यात भुताखेताचं लिवलंय म्हनतीस. म्हनलं, नाथाच्या पायाशी एक रात ऱ्हाऊ दे. सकाळी जाऊन आनली. हळदीचा डाग पडू दिला न्हाई हां.”

“रात्रभर? देवळात कोण कोण होतं, आई?”

“भजनाला सगळं गाव हुतं. तालमीतली पोरं हुती. एकजन म्हनला पन, आजी, ह्ये आमच्या लाडक्या बाईंचं हाय. मला बाई लई बरं वाटलं.” बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. “का गं? काय चुकलं का माजं?”

ऋतिकाला सासूबाईंवर रागावता येईना, कारण तिच्या पुस्तकासाठी त्या चार मजली देऊळ असतं तरी गुडघे दाबत चढल्या असत्या. आणि अक्षताला आपण काय काय बोललो, ते आठवून तिला स्वतःची शरम वाटली.

“अक्षताची नोकरी जाईल, आई. मी सगळा आळ तिच्यावर घातला.”

“मग सांग की त्या सायबाला खरं काय ते. माझं नाव घे. मी भीत न्हाई.”

ऋतिकाने रंगनाथसरांना फोन लावला.  सोजरबाई समोर पदर आवळून उभ्या होत्या.

“सर, मला एक सांगायचं होतं...”

“मीच करणार होतो तुम्हाला फोन,” सर म्हणाले. “अक्षता येऊन गेली आत्ता. म्हणाली, प्रत तिच्याच टेबलावर उघडी राहिली होती. सकाळपासून नाही नाही म्हणत होती. राजीनामा ठेवून गेली. वाईट वाटलं मला, हुशार मुलगी. पण सिरीजवाल्यांना तसं लेखी कळवलं, ते शांत झाले. तुमचा करार सुरक्षित आहे.”

ऋतिकाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्ही काय सांगत होतात?”

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. सोजरबाईंनी हाताने खूण केली, बोल, बोल, आणि त्या लगबगीने आत गेल्या.

“काही नाही, सर,” ऋतिका म्हणाली. “प्रकाशनाची तारीख तीच आहे ना, तेवढंच विचारायचं होतं.”

“तीच.”

तिने फोन ठेवला. कुकर बंद करून सोजरबाई परत आल्या.

“सांगितलंस का?”

“हो.”

“आन काय म्हनलं सायब?”

“म्हणाले, ठीक आहे.”

“सुटले बाई! माझ्या जिवाला नुसता घोर लागला हुता.” सोजरबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. “आता त्या पोरीला फोन लाव. उद्या जेवायला ये म्हनावं. लई तोडून बोललीस तू तिला.”

ऋतिका हो म्हणाली आणि गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेली.